चटईखालचा गंज

बदलीचा हुकूम हाती पडला की संसारातील प्रत्येक वस्तू आपल्यापुढे एकच प्रश्न घेऊन उभी राहते : मला नेणार की इथेच टाकणार? लोखंडी कपाट, पितळी बंब, मुलांची सायकल, कुंडीतील तुळस, ह्या साऱ्यांचा निवाडा दोन-चार आठवड्यांत करावा लागतो. मराठी मुलखाबाहेर नोकरीची वर्षे घालवणाऱ्या आपल्यासारख्यांना ह्या निवाड्यांची इतकी सवय होऊन जाते, की त्यांत नीतीचा काही प्रश्न असू शकेल अशी शंकाही सहसा मनाला शिवत नाही. कपाट नेले काय आणि विकले काय, प्रश्न सोयीचा आणि भाड्याचा. मीही अनेक वर्षे असेच मानीत होतो. एका जुन्या मोटारीने माझी ही समजूत मोडली.

हकीकत 2012 सालची आहे. विशाखापट्टणम येथे सहा वर्षे काढल्यावर माझी दिल्लीस बदली झाली. मोटार होती मारुती 800. 1999 साली भोपाळला असताना घेतलेली, म्हणजे तेरा वर्षांची. भोपाळहून ती आंध्रात आणताना ना-हरकत दाखला, नवी नोंदणी, नवा कर हे सारे सोपस्कार यथासांग झाले होते. त्यांची आठवण कोणालाच सुखद नसते, म्हणून तो भाग सोडून देतो. यंत्र उत्तम होते. थंडीच्या दिवसांतही पहिल्या प्रयत्नात सुरू होई. वरचा पांढरा रंग वयाच्या मानाने बरा होता. आम्हांस निवासस्थान मिळाले होते ते समुद्राच्या अगदी जवळ. रात्री खिडक्या उघड्या टाकून आम्ही तो वारा अंगावर घेत असू आणि पुण्याकडच्या नातलगांना दूरध्वनीवरून त्याचे वर्णन ऐकवीत असू. तोच वारा खाली अंगणात उभ्या असलेल्या मोटारीवर रात्रंदिवस काय काम करीत होता, ह्याची आम्हांस वार्ताही नव्हती.

लोखंडाला गंज चढण्यास पाणी आणि प्राणवायू एवढे दोघे पुरतात. पण त्या दोघांना मीठ येऊन मिळाले म्हणजे कामास वेग येतो. मीठ हवेतील ओल धरून ठेवते, आणि गंजण्याची क्रिया मुळात विद्युत्-रासायनिक असल्यामुळे खारट ओलीत ती सुलभ होते. तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा पुष्कळ अधिक जागा व्यापतो, म्हणून रंगाला आतून फोड येतो. ॲल्युमिनियमवर जमणारा थर धातूला घट्ट धरून त्याचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र आणि पापुद्र्यांचा. तो गळून पडतो आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा ओलीच्या स्वाधीन करतो. मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उभा आहे. त्याच्या लोखंडात स्फुरद अधिक असल्याने त्यावर पातळ संरक्षक थर जमला, असे धातुशास्त्रज्ञ सांगतात. आमच्या मोटारीच्या पत्र्याला असले काही पूर्वपुण्य नव्हते. त्यातून गंजाची रीत अशी, की जेथे ओल साचते आणि दृष्टी पोचत नाही तेथून तो आरंभ करतो : दाराच्या खालच्या कडा, चाकांवरील कमानींची आतली बाजू, पायाखालच्या चटईखालचा पत्रा.

विकण्यापूर्वी गाडी स्वच्छ करावी म्हणून एका रविवारी मी चालकाच्या पायाखालची रबरी चटई उचलली. खाली तपकिरी पापुद्रे दिसले. ते खरवडावे म्हणून स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा त्या छिद्रातून अंगणातील गवत दिसले.

मिस्त्रीला दाखवले. त्याने गाडीखाली शिरून इथे तिथे हातोडीने ठोकून पाहिले आणि जे सांगितले ते थोडक्यात असे. मालमोटारीला किंवा जुन्या जीपला खाली स्वतंत्र सांगाडा असतो. वरचा पत्रा कुजला तरी भार सांगाडा वाहतो. ह्या गाडीत तसा वेगळा सांगाडा नाही. तळाचा पत्रा, दाराखालच्या पोकळ पट्ट्या, खांब आणि छप्पर मिळूनच तिचे बळ. आसने आणि सुरक्षापट्टे त्याच अंगाला जखडलेले. तेव्हा गंज शोभेत आहे की बळात आहे, एवढाच प्रश्न. आणि तो बळात उतरला होता. कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडता येतो, पण जोडायला शेजारी निरोगी पत्रा लागतो. तो शोधत गेले तर निम्मा तळ काढावा लागेल. खर्च चाळीस हजारांपर्यंत जाईल, आणि एवढे करूनही तो हमी देणार नव्हता. ‘त्यापेक्षा,’ तो म्हणाला, ‘लांबी भरतो, वरून काळा डांबरी लेप देतो, नवी चटई टाकतो. आठ हजारांत काम. घेणाऱ्याला दोन वर्षे काही कळणार नाही.’

हे तो चोरट्या आवाजात बोलला नाही, हे मुद्दाम नमूद करतो. त्याच्या दृष्टीने ती नित्याची सेवा होती. बूट पुसून देण्याइतकी निष्पाप.

मी लांबी भरू दिली नाही. त्याबद्दल त्या दिवशी मला स्वतःविषयी बराच आदर वाटला. खोटे करणार नाही, एवढा निश्चय झाला. परंतु खरे सांगणार काय, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. ह्या दोहोंत किती अंतर आहे, आणि त्या अंतरात सभ्य माणसे किती आरामात राहू शकतात, हे मला पुढच्या आठवड्यात कळले.

आमच्याच शाखेत एक तरुण कारकून होता. गाव श्रीकाकुळमच्या पलीकडे, विशाखापट्टणमपासून शंभरावर किलोमीटर. घरी वृद्ध आई, पत्नी, दोन लहान मुले. वाहन म्हणजे एक स्कूटर. मोटार विकावयाची आहे हे कळताच तो संध्याकाळी घरी आला. गाडीभोवती एक फेरी घातली, आरशावर हात फिरवला, आणि बावन्न हजार देऊ केले. बाजारात त्या वयाच्या गाडीला पंचेचाळीसही कोणी दिले नसते. मी म्हटले, ‘एकदा मिस्त्रीला दाखवून घ्या.’ तो हसला. म्हणाला, ‘सर, तुमची गाडी आहे. काही असते तर तुम्ही सांगितलेच असते.’

मी काही बोललो नाही. त्याने पाच हजार विसार म्हणून ठेवले आणि तो गेला.

वाचकांपैकी ज्यांनी खात्याच्या परीक्षांसाठी 1872 चा करार कायदा वाचला आहे, त्यांना त्यातील 17 वे कलम आठवत असेल. कपट म्हणजे काय ते तेथे सांगितले आहे, आणि पुढे स्पष्ट केले आहे की केवळ मौन म्हणजे कपट नव्हे. मात्र परिस्थितीच अशी असेल की बोलणे हे कर्तव्य ठरते, किंवा मौन हेच बोलण्याच्या तोडीचे आहे, तर गोष्ट वेगळी. त्याखालची उदाहरणे एका घोड्याची आहेत. ‘अ’ला ठाऊक आहे की घोडा सदोष आहे, तो लिलावात ‘ब’ला विकतो आणि काही बोलत नाही. हे कपट नव्हे. दुसऱ्या उदाहरणात ‘ब’ ही ‘अ’ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे; तेथे नात्यामुळे सांगणे प्राप्त होते. तिसऱ्यात ‘ब’ म्हणतो, तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन. आणि ‘अ’ गप्प राहतो. येथे ते गप्प राहणे म्हणजेच बोलणे.

विद्यार्थिदशेत हा घोडा मी तोंडपाठ केला होता. तो एके दिवशी माझ्या अंगणात चार चाकांवर उभा राहील अशी कल्पना नव्हती. पहिल्या उदाहरणाच्या आडोशाला राहण्याची माझी फार इच्छा होती. परंतु त्या भल्या तरुणाने आपल्या एका वाक्याने मला तेथून उचलून थेट तिसऱ्यात नेऊन ठेवले होते. आणि नीट पाहिले तर दुसरेही उदाहरण फार दूर नव्हते. कार्यालयातील वरिष्ठ हा काही बाप नव्हे. पण ज्याचा गोपनीय अहवाल आपण लिहितो, त्याच्याशी आपण लिलावातल्या परक्या माणसासारखे वागू शकतो असे म्हणणे हा शुद्ध कांगावा आहे. 1964 च्या वर्तणूक नियमांतील 18 वा नियम मी त्या रात्री काढून पाहिला. ज्याच्याशी कार्यालयीन संबंध आहे त्याच्याशी ठराविक रकमेवरचा जंगम मालमत्तेचा व्यवहार करावयाचा तर पूर्वमंजुरी घ्यावी लागते. आमची रक्कम त्या मर्यादेच्या आत होती. नियमही माझ्यासारखाच गप्प होता.

आपल्या स्मृतिकारांनी ह्या विषयावर बराच विचार केला आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सदोष, निकृष्ट किंवा झाकलेला माल विकण्यास मनाई आहे. आणि खरेदी अथवा विक्री करून ज्याला पश्चात्ताप होईल त्याला दहा दिवसांच्या आत ती परत फिरवता येते. ह्या पश्चात्तापाला तेथे ‘अनुशय’ म्हटले आहे. अनुशय घेणाऱ्यालाच होतो असे नाही, विकणाऱ्यालाही होतो, हे त्यांनी गृहीत धरले ही गोष्ट मला त्या रात्री फार दिलासा देणारी वाटली. याज्ञवल्क्य स्मृतीत तर परीक्षेचे दिवस वस्तुपरत्वे दिले आहेत : बियाण्याला 10 दिवस, लोखंडाला 1, ओझ्याच्या जनावराला 5, रत्नाला 7. मोटार ही लोखंडही आहे आणि वाहनही. तिला एक दिवस द्यावा की पाच, हा वाद मी मीमांसकांवर सोपवतो. आमच्या कारकुनाने तिला दहा मिनिटेही दिली नव्हती, आणि त्याचे कारण निष्काळजीपणा नव्हते. त्याने परीक्षा केली होती. फक्त ती मोटारीची नसून माझी होती.

पाश्चात्यांतही हा वाद जुना आहे. सिसेरोने ख्रिस्तपूर्व 44 साली आपल्या मुलाला उद्देशून कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात एक गृहस्थ असे घर विकतो, ज्याचे लाकूड वाईट आहे आणि ज्याच्या खोल्यांतून विषारी जीव निघतात; पण हे मालकावाचून कोणास ठाऊक नाही. डायोजिनीझ म्हणतो, घेणाऱ्यावर कोणी सक्ती केली होती? अँटिपेटर म्हणतो, हे वाटसरूला वाट न दाखवण्याहूनही वाईट आहे. सिसेरोचा कौल अँटिपेटरकडे : प्रत्येक मौन म्हणजे लपवणूक नव्हे, पण आपल्या लाभासाठी दुसऱ्याने अज्ञानात राहावे अशी इच्छा धरून गप्प बसणे ही लपवणूकच. माझी इच्छा तशी होती काय? पाच हजार खिशात असताना ह्या प्रश्नाचे उत्तर अवघड नव्हते.

अर्थशास्त्रज्ञ ॲकरलॉफ ह्यांनी 1970 साली नेमका जुन्या मोटारींचाच दाखला घेऊन एक निबंध लिहिला. पुढे 2001 साली त्यांना इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. विकणाऱ्याला दोष ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात, अशी स्थिती असली म्हणजे घेणारा प्रत्येक गाडीला संशयाचाच भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणे कोणास परवडत नाही, आणि बाजारात वाईट गाड्याच उरत जातात, असा त्यांचा युक्तिवाद. ह्या हिशेबाने माझे मौन केवळ एका कारकुनाचे नुकसान करीत नव्हते. पुढे प्रामाणिकपणे गाडी विकू पाहणाऱ्या कोणा अपरिचिताच्या बोलण्याचीही किंमत कमी करीत होते. विचार मार्मिक आहे, पण खरे सांगावयाचे तर त्या रात्री मला तो अपरिचित दिसत नव्हता. मला महामार्गावरून श्रीकाकुळमकडे निघालेली गाडी दिसत होती, आणि मागच्या आसनावर दोन मुले.

परंतु हे सारे कळत असताना मी गप्प का राहिलो? ह्याचे उत्तर शोधताना मला जे सापडले ते मोटारीपुरते नव्हते. मी स्वतःला लोभी समजत नाही. सात-आठ हजारांच्या फरकाने माझे दैन्य फिटणार नव्हते. मला गप्प बसवले ते बदलीने. मनाच्या कोपऱ्यात एक हिशेब चालू होता, की गाडीचा तळ गळेल तेव्हा आपण दिल्लीत असू. ज्या गावात माणूस जन्मतो आणि जेथे मरणार असतो, तेथे तो कुजका बैल विकत नाही. विकला तर तो बैल रोज त्याच्या दारावरून जातो. आपल्या दारावरून काहीच जात नाही. तीन वर्षे, चार वर्षे, फार तर सहा. की रुळांपलीकडे नवे घर, नवी भाषा, नवा दूधवाला. बदलीच्या नोकरीचे पुष्कळ तोटे आपण परस्परांस ऐकवतो, मुलांच्या शाळा, म्हाताऱ्या आईवडिलांची आबाळ, मोडलेल्या ओळखी. तिचा हा एक लाभ मात्र आपण कधी मोजत नाही : आपल्या चुका पिकण्यापूर्वी आपण निघून गेलेलो असतो.

विसार दिल्याच्या आठव्या दिवशी, म्हणजे मनूच्या मुदतीत, मी त्या तरुणाला घरी बोलावले. चटई उचलली आणि त्याच्यादेखत स्क्रूड्रायव्हर पत्र्यातून आरपार घातला. मला वाटले होते तो रागावेल किंवा भाव पाडेल. दोहोंपैकी काहीच झाले नाही. तो ओशाळला. एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचे धोतर सुटलेले दिसावे तशी त्याने नजर दुसरीकडे वळवली आणि घाईघाईने म्हणाला, ‘चालेल सर. मी करून घेईन. काही हरकत नाही.’

ह्या उत्तराची मी अपेक्षा केली नव्हती. सत्य सांगितले म्हणजे आपण मोकळे, अशी माझी समजूत होती. पण माझ्या तोंडून निघालेले सत्यदेखील त्याला हुकमासारखेच ऐकू येत होते. बोलावून नेऊन दोष दाखवणारा साहेब गाडी घेऊ नका असे म्हणतो आहे, की एवढे असूनही घ्या असे म्हणतो आहे? नाही म्हणण्याची सोय त्याला कोठे होती? ज्याला नकार देता येत नाही त्याला दोष सांगणे म्हणजे आपल्या मनाचे ओझे त्याच्या डोक्यावर ठेवणे. म्हणून मी विसाराचे पाच हजार त्याच्या हाती परत दिले, आणि म्हटले, ‘व्यवहार मी मोडला आहे, तुम्ही नव्हे. आता तुमच्या ओळखीच्या मिस्त्रीला दाखवा, आणि घ्यावीशी वाटली तर नव्याने या.’ तो आला नाही. त्याच्या मिस्त्रीने काय सांगितले असेल ते उघड आहे. कार्यालयात मात्र बोलवा झाली, की साहेबांना अधिक देणारे गिऱ्हाईक भेटले म्हणून त्यांनी गरिबाचा सौदा मोडला. हे माझ्या कानांवर आले आणि मी त्याचे निरसन केले नाही. ह्या मौनाला 17 वे कलम लागू पडत नाही, एवढे मला ठाऊक होते.

आता राहिला जुन्या गाड्यांचा व्यापारी. त्याने तळ पाहिला, दोष जाणून घेतला आणि पस्तीस हजार सांगितले. येथे लपवणूक नव्हती. दोघे जाणते होते. माझ्या कुटुंबाचे मत पडले की आता तरी विकून मोकळे व्हावे. पण हा व्यापारी ती स्वतः चालवण्यासाठी घेत नव्हता. तो लांबी भरणार, काळा लेप देणार, नवी चटई टाकणार, आणि मी ज्या वाक्यावर गप्प बसलो होतो तेच वाक्य म्हणणारा कोणी तरी त्याच्याकडे येणार. ज्याला सांगितले तो जाणता, आणि ज्याला भोगावयाचे तो अजाण, अशा सौद्यात आपली जबाबदारी कोठे संपते? माझे एक स्नेही, पेशाने वकील, म्हणाले की पहिल्या विक्रीबरोबर ती संपते, नाही तर जगात कोणाला चाकूही विकता येणार नाही. युक्तिवाद बिनतोड आहे. तरीही चाकू कापतो हे घेणाऱ्याला ठाऊक असते, एवढा फरक मला अजूनही महत्त्वाचा वाटतो. माझे बरोबर होते असा माझा आग्रह नाही. पस्तीस हजार ही काही थोडी रक्कम नव्हती, आणि त्या महिन्यात मुलीच्या महाविद्यालयाचे शुल्क भरावयाचे होते.

गाडी शेवटी भंगारात गेली. नऊ हजार आले. मोटार वाहन कायद्याच्या 55 व्या कलमानुसार नोंदणी रद्द करून घेतली, आणि सांगाड्याचा क्रमांक कोरलेला पत्र्याचा तुकडा माझ्यासमोर कापून घेतला. तो भाग तेवढा निरोगी होता. छिन्नी दोनदा उसळली. कुटुंबाचे म्हणणे असे की, ‘तुम्हांला झोप यावी म्हणून सव्वीस हजार गेले, मला तर आधीही येत होती.’ ह्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते आणि आजही नाही.

निघण्यापूर्वीच्या आठवड्यात कार्यभार सोपवण्याची टिपणी लिहावयाची होती. ती माझी तयार होती; सारे सुरळीत आहे, प्रलंबित असे महत्त्वाचे काही नाही, ह्या नेहमीच्या शब्दांत. टंकलिखित प्रत सहीसाठी पुढे आली तेव्हा मी ती परत मागवली. तीन प्रकरणे होती, ज्यांत माझ्याकडून विलंब झाला होता. एकात तर चुकीचा शेरा पडला होता आणि त्याचा परिणाम पुढच्या लेखापरीक्षणात, म्हणजे मी दिल्लीस गेल्यावर, दिसणार होता. ती मी तीन परिच्छेदांत लिहिली.

माझ्या जागी आलेले गृहस्थ अनुभवी होते. त्यांनी टिपणी चष्मा लावून सावकाश वाचली, तिसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवले, आणि दार लोटलेले आहे ना हे पाहून मला हळूच विचारले, ‘हे कागदावर घ्यायलाच हवे होते का?’